जांभळा लेझर घरी पेटवताना: करंट कसा द्यायचा, प्रकाश कसा मोजायचा

माझा भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तो काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचलेला, उडदाच्या दोन-तीन दाण्यांएवढा एक डायोड घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, हा पाच व्होल्टचा आहे. मोबाइलचा चार्जर लावला तर चालेल ना?"

चालेल. अगदी एकदाच चालेल.

माझाही पहिला जांभळा डायोड असाच गेला होता, तेव्हा त्याला हसलो नाही. दोघांनी मिळून चार दिवस जे केलं ते इथे क्रमाने लिहितो. ज्यांनी आधी कधी एलईडी पेटवलाय, मल्टिमीटर वापरलाय, सोल्डरिंग येतं, पण लेझर डायोडला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे आहे. जाळपोळ करणारा, फुगे फोडणारा लेझर हवा असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. आपण कमी शक्तीचा रीडर डायोड (तबकडी फक्त वाचण्यापुरता लेझर डायोड) घेणार आहोत आणि तो नीट मोजणार आहोत.

हा डायोड आहे तरी कुठला

जांभळा म्हणजे ४०५ नॅनोमीटर. सीडीला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल, आणि ब्लू-रे तबकडीला ४०५ चा. तरंगलांबी कमी केली की ठिपका बारीक होतो आणि तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती मावते. या रंगाचा अर्धवाहक लेझर गॅलियम नायट्राइडवर चालतो. तो जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर चालवून दाखवला. २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आकासाकी आणि आमानो यांच्यासोबत मिळालं ते निळ्या एलईडीसाठी, पण घराणं तेच.

हौशी लोकांच्या टेबलावर हा डायोड आला तो एका व्यापारी पराभवामुळे. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची स्पर्धा चालू होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीचा नाद सोडला. मग एक्सबॉक्स ३६० च्या एचडी डीव्हीडी ड्राइव्हमध्ये बसणारे 'पीएचआर-८०३टी' नावाचे लेझर स्लेड (ड्राइव्हमधला लेझर आणि लेन्स बसवलेला सरकता भाग) पडून राहिले आणि अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी ते स्वस्तात उचलले. एकाच स्लेडमध्ये इन्फ्रारेड, लाल आणि जांभळा असे तिन्ही लेझर. आजही कुणी भंगारातला डायोड म्हटलं की जुन्या लोकांना तेच नाव आठवतं.

नवशिक्याने मात्र भंगारातला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्लेडमधून डायोड काढताना तो दहात चार वेळा हातात मरतो, आणि मेला की चूक काढण्यात झाली की सर्किटमध्ये हे कळत नाही. डेटाशीटसकट नवा डायोड घ्या. ५.६ मिलिमीटरच्या डबीचा (धातूच्या गोल आवरणाचा) घ्या, म्हणजे १२ मिलिमीटरच्या पितळी हाऊसिंगमध्ये सहज बसतो. रेझिस्टर, रेग्युलेटर, झिरो पीसीबी वगैरे बाकीचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत होतं.

आधी डोळे

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. जांभळ्याबाबत डोळा तुम्हाला सरळ सरळ फसवतो.

माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो. त्याला १ धरलं तर ६५० च्या लालला साधारण ०.१ आणि ४०५ च्या जांभळ्याला जेमतेम ०.०००६. म्हणजे लाल आणि जांभळा दोन्ही सारख्याच मिलिवॉटचे असले तरी जांभळा शेदीडशे पटींनी मंद दिसतो. "अरे, हा तर काहीच नाही" असं म्हणून माणूस जवळ जातो, आणि प्रकाश मात्र पूर्ण ताकदीने डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जमा होत असतो. शिवाय या टोकाच्या प्रकाशाने डोळ्यातल्या पडद्यावर रासायनिक इजाही होते, ती लगेच जाणवत नाही.

भिंतीवर किंवा कागदावर जो भगभगीत निळसर ठिपका दिसतो तो बऱ्याच अंशी लेझर नव्हेच. कागदातल्या आणि कपड्याच्या साबणातल्या चकाकी आणणाऱ्या द्रव्याचं ते प्रतिदीपन आहे, म्हणजे ते द्रव्य जांभळा प्रकाश शोषून स्वतःच दुसऱ्या रंगात चमकतं. त्यामुळे ठिपक्याच्या उजेडावरून शक्तीचा अंदाज बांधणं म्हणजे कुकरच्या शिट्टीच्या आवाजावरून डाळीत मीठ किती ते सांगणं.

लेझरचे वर्ग मिलिवॉटवर ठरतात. दिसणाऱ्या सलग प्रकाशासाठी १ मिलिवॉटपर्यंत वर्ग २, ५ पर्यंत ३आर, ५०० पर्यंत ३बी, त्यापुढे ४. साधा रीडर डायोडसुद्धा ३बी मध्ये जातो. तेव्हा चष्मा हवाच: ४०५ नॅनोमीटरला ऑप्टिकल डेन्सिटी ४ किंवा जास्त असं लिहिलेला, म्हणजे दहा हजारातला एक भाग आत सोडणारा. तो नारिंगी काचेचा असतो. उन्हाचा गॉगल, वेल्डिंगची जुनी काच, नारिंगी जिलेटिन पेपर यातलं काहीही चालत नाही.

टेबलावर आणखी तीन गोष्टी करा. लेझर पक्क्या स्टँडवर आवळा, आणि झोत बसलेल्या माणसाच्या डोळ्यापेक्षा खाली, आडवा ठेवा. झोताच्या शेवटी मॅट काळा रंग दिलेला लाकडी ठोकळा ठेवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. चुकून झोतात गेलेली धातूची गुळगुळीत कड आरशासारखी वागते. आणि लेझर खिडकीबाहेर, गाड्यांवर, विमानावर मारायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. मिरवणुकीतल्या लेझर झोतांनी पोरांचे डोळे गेल्याच्या बातम्या आपल्याकडे वाचून झाल्या आहेत. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात असे झोत बंद केले ते उगाच नाही.

व्होल्ट नाही, करंट

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. डायोडच्या डेटाशीटमध्ये "५ व्होल्ट" लिहिलेलं असतं ते त्याला द्यायचं नसतं. योग्य करंट वाहू लागल्यावर त्याच्या दोन पायांत जे व्होल्टेज आपोआप पडतं ते तेवढं असतं, जांभळ्याला साधारण साडेचार ते सहा. त्या जागी व्होल्टेज किंचित वाढलं की करंट भसकन वाढतो. वर डायोड तापला की त्याचं व्होल्टेज खाली येतं, म्हणजे तोच चार्जर आणखी करंट ढकलतो, तो आणखी तापतो. एलईडी असं थोडं सहन करतो. लेझर डायोडच्या तोंडावरचा आरसा काही मायक्रॉनचाच. तिथून जादा प्रकाश गेला की तो क्षणात जळतो. डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी.

जळलेला डायोड पेटायचा थांबत नाही, म्हणून नवशिका गोंधळतो. करंट तोच, व्होल्टेज जवळपास तेच, प्रकाशही येतो, पण मऊ, पसरट, मेणबत्तीसारखा. आमच्यात याला "डायोडचा एलईडी झाला" म्हणतात. चालू लेझरच्या ठिपक्यात रवा सांडल्यासारखी कणकण दिसते, मान हलवली की तीही सरकते. ती कणकण गेली की लेझर गेला.

म्हणून आपल्याला ड्रायव्हर हवा तो ठरलेला करंट देणारा. सगळ्यात सोपा, आणि माझ्या मते पहिल्यांदा हाच करावा, असा म्हणजे एलएम३१७ या तीन पायांच्या व्होल्टेज रेग्युलेटर चिपचा. बाजारात तयार स्विचिंग ड्रायव्हर मिळतात, छोटे आणि थंड चालणारे. पण त्यांच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि स्वस्तातल्यांचा करंट थरथरतो.

एलएम३१७ आपल्या आउट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये कायम १.२५ व्होल्ट राखतो. त्या दोन पायांत एक रेझिस्टर टाकला आणि लोड अ‍ॅडजस्टच्या पायावर जोडला की करंट ठरला: १.२५ भागिले रेझिस्टर. ६२ ओहमला २० मिलिअँप, ४७ ला २६.६, ३९ ला ३२, ३३ ला ३८, २७ ला ४६. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

छापील बाजू स्वतःकडे धरून पाय खाली केले तर डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउट, इन. धातूची पाठ आउटला जोडलेली असते, तेव्हा ती डायोडच्या हाऊसिंगला किंवा कशाला टेकू देऊ नका.

सप्लाय किती? डायोडचे ५, रेझिस्टरचा १.२५, आणि रेग्युलेटरला स्वतःला श्वास घ्यायला दोनेक व्होल्ट. झाले सव्वाआठ. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी पहिल्या दिवशी पुरते आणि लगेच खाली उतरते. लिथियमच्या दोन सेलची जोडी पूर्ण चार्ज असताना ८.४ देते, थोड्या वेळात ७.४ वर येते आणि करंट घसरतो. १२ व्होल्टचा चांगला अडॅप्टर किंवा तीन सेल, हे बरोबर. ४६ मिलिअँपला रेग्युलेटरवर पाव वॉटच्या आसपास उष्णता पडते, हीटसिंकची गरज नाही.

रेझिस्टरच्या जागी व्हेरिएबल लावायचा मोह होतो. एकट्याने लावू नका. सरकवताना तो शून्याला गेला की करंटला मर्यादाच राहत नाही, आणि त्याचा घासणारा कॉन्टॅक्ट क्षणभर सुटून परत लागला की धक्का बसतो. मी पाच वेगवेगळे पक्के रेझिस्टर वापरतो, बर्ग पिनमध्ये खोचून. बदलताना आधी सप्लाय बंद.

जोडणीचा क्रम

पहिलं: इनच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आउट आणि अ‍ॅडजस्टमध्ये रेझिस्टर. अ‍ॅडजस्टवरून लोडची प्लस तार.

दुसरं: लोडच्या प्लस-मायनसमध्ये १० मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर १० किलोओहम. हा १० किलोओहम लोक विसरतात. मी विसरलो होतो, त्याची गोष्ट पुढे.

तिसरं: मायनसच्या तारेत कायमचा १ ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर, डायोड आणि ग्राउंड यांच्या मध्ये. त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावला की जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप. मल्टिमीटर स्वतः अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडू नका. प्रोब घसरला की सर्किट तुटतं, परत टेकला की झटका बसतो, आणि तो झटका डायोड खातो.

चौथं, आणि इथेच निम्मे डायोड वाचतात: डायोडऐवजी आधी डमी लोड. १एन४००७ हे साधे डायोड सहा, एकामागे एक सरळ दिशेने जोडा. प्रत्येकावर पाऊण व्होल्टच्या आसपास पडतं, सहांचे मिळून साडेचार. ड्रायव्हरला वाटतं की जांभळा लेझरच बसलाय. सप्लाय चालू करा, १ ओहमवरचे मिलिव्होल्ट वाचा. ४७ ओहम लावलाय आणि २६-२७ दिसतंय? ठीक. शंभर दिसतंय? तुम्ही रेझिस्टरचा रंग चुकीचा वाचलाय किंवा पाय उलटे आहेत, आणि फुकटात कळलं. दहा मिनिटं चालू ठेवा. सप्लाय दहा-बारा वेळा बंद-चालू करा. लाइट जाऊन येते तेव्हा काय होतं हे बघायला अडॅप्टरचं बटण बोर्डावरच खटखट करा. करंट दर वेळी त्याच जागी येऊन थांबला पाहिजे.

आता माझी गोष्ट. डमी लोडवर सगळं छान चाललं होतं. मी डमी लोडच्या क्लिपा काढल्या, सप्लाय चालूच, आणि त्याच क्लिपा लेझरला लावल्या. लोड नसताना ड्रायव्हर आपला करंट ढकलायला बघतो, ढकलायला जागा नसते, म्हणून आउटपुट वर चढत जातं आणि कपॅसिटर भरतो जवळपास सप्लायएवढा. क्लिप टेकली त्या क्षणी दहा व्होल्टचा भरलेला कपॅसिटर पाच व्होल्टच्या डायोडवर रिकामा झाला. एक सुंदर जांभळी चमक, आणि मग मेणबत्ती. रेग्युलेटरने काही चूक केली नव्हती. कपॅसिटरमधून येणाऱ्या करंटवर त्याचा ताबाच नसतो. बेंच पॉवर सप्लायवर करंट लिमिट लावून थेट डायोड जोडणाऱ्यांचंही हेच होतं, त्याच्या आतही भरलेला कपॅसिटर बसलेला असतो.

तेव्हा: सप्लाय बंद, कपॅसिटरच्या दोन टोकांना मीटर लावून शून्याजवळ आल्याचं बघा, मगच डायोड जोडा, मग सप्लाय चालू. १० किलोओहम लावला असेल तर हे अर्ध्या सेकंदात होतं.

डायोडला हात लावताना

मारणारी दुसरी गोष्ट म्हणजे अंगातली स्थिर वीज. ती कोकणात पावसाळ्यात जाणवत नाही. पुण्या-नगरकडे जानेवारीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तेवढी पुष्कळ झाली. मनगटपट्टा लावा, तो अर्थिंगला जोडा, आणि अर्थिंग खरंच आहे का ते आधी बघा. जुन्या चाळीत, वाड्यात तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसरं भोक शोभेचं असतं.

डायोडचे तीनही पाय सोल्डर करण्याआधी उघड्या बारीक तांब्याच्या तारेने गुंडाळून एकमेकांना शॉर्ट करा. तार सगळ्यात शेवटी, सोल्डरिंग झाल्यावर काढा. सोल्डरिंग आयर्नचं टोक एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त नको. पाय कोणता प्लस, कोणता मायनस, डबी कशाला जोडलेली आहे, हे डेटाशीटमधूनच घ्या, कारण ते दर मॉडेलला बदलतं. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासू नका: मीटर दोन-तीन व्होल्टच देतो, जांभळ्याला तेवढ्याने काही होत नाही, दोन्हीकडून उघडं दाखवतो आणि चांगला डायोड तुम्ही मेला म्हणून फेकून देता. उलट दिशेने तर या जातीला साधारण दोनच व्होल्ट सोसतात. म्हणून पाय नक्की कळल्यावर डायोडच्या अगदी पायाशी एक १एन४१४८ उलट दिशेने समांतर जोडून टाका. पुढे कधी सप्लाय उलटा लागला तर व्होल्टेज पाऊण-एक व्होल्टावर अडतं.

हाऊसिंगमध्ये बसवताना डायोडच्या कडेवरच दाब द्या, काचेवर नको. मागे थोडं थर्मल कंपाउंड (उष्णता पुढे नेणारी पेस्ट). डायोड तापला की त्याला लेझर व्हायला जास्त करंट लागतो, म्हणून पितळी हाऊसिंगही एका अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला आवळा.

पहिलं पेटवणं

चष्मा. ६२ ओहम. सप्लाय चालू. २० मिलिअँपला बहुतेक रीडर डायोड नुसता मंद उजळतो, लेझर होत नाही. हीच सुरुवात हवी. बंद करा, ४७ लावा, मग ३९, मग ३३. दर वेळी करंट आणि डायोडवरचं व्होल्टेज वहीत लिहा. एका पायरीला प्रकाश अचानक उसळी घेतो, तो उंबरठा. अनेक रीडर डायोडांचा तो २० ते ३५ मिलिअँपच्या दरम्यान सापडतो. उंबरठ्याच्या थोडंच वर थांबा आणि डेटाशीटमधल्या कमाल आकड्याच्या खाली राहा. "अजून दहा मिलिअँप टाकून बघू" हा विचार मनात आला की चहा करायला उठा.

मिलिवॉट मोजायचे कसे

विकत मिळणाऱ्या पॉइंटरवरच्या लेबलावर भरवसा नको हे तर सिद्धच झालंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालांपैकी ४४ टक्के सुरक्षेच्या नियमात बसले नाहीत. आपल्या घरच्या लेझरवर तर लेबलही नाही.

पहिला मार्ग फोटोडायोडचा. स्वस्त, झटपट, आणि जांभळ्याला बेभरवशाचा. सिलिकॉनचा फोटोडायोड दर वॉटमागे किती अँपिअर देतो हे तरंगलांबीवर ठरतं, आणि त्याची वरची मर्यादा नॅनोमीटर भागिले १२४० इतकी. ६५० ला ती ०.५२, ४०५ ला ०.३३. प्रत्यक्षात जांभळ्याला बराच प्रकाश पृष्ठभागावरच वाया जातो, म्हणून आकडा आणखी खाली. लाल लेझरवर जुळवलेला मीटर जांभळ्यावर वापरला तर तो कमी दाखवणार, आणि कमी दाखवणं हीच धोक्याची बाजू. फोटोडायोड ठेवा, पण "कालच्यापेक्षा आज किती" एवढंच त्याला विचारा.

दुसरा मार्ग उष्णतेचा, आणि हा मला मनापासून आवडतो, कारण यात रंगाचा प्रश्नच मिटतो. पाण्याच्या कूलरमध्ये असते ती ४० मिलिमीटर चौरस पेल्टियर पट्टी घ्या. तिला वीज दिली की एक बाजू गार होते. उलट, एक बाजू गरम केली की ती वीज देते. मागची बाजू कंपाउंड लावून जाड हीटसिंकवर दाबा. पुढच्या बाजूवर पातळ तांब्याचा पत्रा चिकटवा, त्यावर मॅट काळा स्प्रे. पत्र्याच्या मागे, कडेला, १०० ओहमचा छोटासा चिप रेझिस्टर बारीक तारा लावून चिकटवा. पट्टीच्या दोन तारा मल्टिमीटरला, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर.

तो रेझिस्टर म्हणजे तुमचं वजनाचं माप. त्याला १ व्होल्ट दिला की तो बरोबर १० मिलिवॉट उष्णता देतो, २ व्होल्टला ४०, ३ ला ९०. दर वेळी मीटर किती मिलिव्होल्टवर स्थिरावतो ते लिहा आणि आलेखाच्या कागदावर रेघ काढा. या आकाराची पट्टी अंदाजे १०० मिलिवॉटला १० मिलिव्होल्टच्या आसपास देते, म्हणजे साधा मीटरही एक-एक मिलिवॉट ओळखतो. मग रेझिस्टर बंद करा, काळ्या पत्र्यावर लेझर टाका, तेवढेच मिलिव्होल्ट रेघेवर शोधा. झोत लेन्सने पसरवून टाका. बारीक ठिपका रंग जाळतो. काळा रंगही पाचेक टक्के प्रकाश परत फेकतो, तेवढं वर धरा.

पहिल्या संध्याकाळी आमचा मीटर जागेवर थांबेचना. तीन, पाच, दोन, चार. भाच्याने सगळे सोल्डर पुन्हा लावले. शेवटी लक्षात आलं, डोक्यावर पंखा चालू होता. पंखा बंद केला, पट्टीभोवती पुठ्ठ्याची नळी उभी केली, आणि प्रत्येक मापासाठी दोन मिनिटं थांबायचं ठरवलं. मापाच्या आधी आणि नंतर लेझर झाकून शून्य लिहा, दोहोंची सरासरी वजा करा. हात जवळ नेऊ नका, हातही गरम असतो.

उत्तराला एक चाळणी लावा. डायोडला जाणारी वीज म्हणजे व्होल्ट गुणिले करंट: ५ व्होल्ट आणि ३८ मिलिअँप, म्हणजे १९० मिलिवॉट. प्रकाश याचा लहानसा हिस्साच असणार. १५० मिलिवॉट आले तर डायोडचं कौतुक करू नका, जुळवणी परत करा.

आणि तरंगलांबी

यासाठी घरात पडलेली एक कोरी सीडी-आर पुरते. वरच्या छापील बाजूला चिकटपट्टी दाबून ओढली की चांदी निघून येते आणि खाली पारदर्शक प्लास्टिक उरतं. त्यावरचे चर एकमेकांपासून १.६ मायक्रॉनवर असतात, म्हणजे ती आयती ग्रेटिंग (तरंगलांबीप्रमाणे प्रकाश ठरलेल्या कोनात वळवणारी बारीक रेघांची पट्टी) झाली. झोत तिच्यातून काटकोनात पाठवा. बरोबर एक मीटरवर पांढरा पुठ्ठा. मधोमध मूळ ठिपका आणि दोन्ही बाजूंना त्याच्या सगळ्यात जवळचा एकेक. ४०५ नॅनोमीटरला बाजूचा ठिपका मधल्यापासून २६.२ सेंटिमीटरवर पडतो. लाल ६५० चा ४४ च्या पुढे जातो. एका मिलिमीटरची चूक म्हणजे दीड नॅनोमीटरची चूक, घरगुती कामाला हे उत्तमच. डीव्हीडीचे चर ०.७४ मायक्रॉनवर, ठिपके आणखी लांब पडतात. ब्लू-रेचे मात्र ०.३२ वर, म्हणजे या प्रकाशाच्या लांबीपेक्षाही जवळ. सरळ टाकलेल्या झोताला तिथे बाजूचा ठिपकाच मिळत नाही. ज्या तबकडीसाठी हा डायोड जन्मला तिच्याने तो मोजता येत नाही, याची भाच्याला फार गंमत वाटली.

अडचण एकच आली. चष्मा घातला की ठिपका दिसेना, आणि तो म्हणाला, "मामा, दोन सेकंद काढू का?" नाही. पुठ्ठ्यावर केशरी हायलायटरचा जाड पट्टा ओढला. जांभळा प्रकाश पडला की ती शाई केशरी चमकते, आणि केशरी रंग चष्म्यातून आरपार येतो. तिन्ही ठिपके काजव्यासारखे उमटले. पट्टी लावली, २६.४ सेंटिमीटर. त्याने फोनवर हिशेब केला, ४०८ आलं. डेटाशीटमध्ये ४०० ते ४१० लिहिलं होतं. वहीत तारीख, करंट, ४०८, आणि समोर त्याने स्वतःच लिहिलं: "पंखा बंद होता."